पृथ्वी दांडा, 4 नग

मी वीज कंपनीत इंजिनिअर आहे. कुठल्या, ते विचारू नका. मुंबईत वीज कंपन्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि मला अजून अकरा वर्षं नोकरी करायची आहे.

लोकांना वाटतं, आम्हाला विजेची भीती वाटत असेल. विजेचं काही नाही हो. ती आहे की नाही, असली तर किती, हे सांगणारी यंत्रं आमच्याकडे आहेत. धास्ती असते ती ही यंत्रं ऐन वेळी कुठे आहेत याची.

पूर्वी हा प्रश्न स्टोअरमधल्या एका लाकडी फळीनं सोडवला होता. फळीवर खिळे, प्रत्येक खिळ्याखाली रंगानं लिहिलेलं हत्याराचं नाव आणि आम्हा प्रत्येकाला नंबर कोरलेले पाच पितळी बिल्ले. क्लॅम्प मीटर नेला की त्याच्या खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा, परत आणला की बिल्ला खिशात. बस्स. फळीचे सर्वेसर्वा म्हणजे आमचे स्टोअरकीपर. त्यांना मोठ्या साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे मामा म्हणतात. संध्याकाळी एखाद्या खिळ्यावर बिल्ला लटकत राहिला, तर मामा त्या माणसाच्या घरी फोन लावून थेट वहिनींना सांगायचे, "त्याच्या पिशवीत डब्याच्या खाली बघा, आमचा बारा-तेराचा पाना असेल." असायचाच. या पद्धतीत हत्यारं हरवत नसत. संसारात थोड्या कुरबुरी व्हायच्या, एवढंच.

फळीच्या जोडीला लाल कापडी बांधणीची वही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ही वही दोन दिवस पाण्यात होती. मामांनी ती दोरीवर वाळत घातली. पानं पापडासारखी झाली, पण 2003 साली टॉर्क रेंच कोणी नेला हे आजही वाचता येतं. आणि परत आणला नाही, हेही. (ते गृहस्थ सध्या हेड ऑफिसात बरेच वर आहेत.)

कदाचित म्हणूनच असेल, पण हेड ऑफिसातून हुकूम आला, की यापुढे हत्यारांचं व्यवस्थापन डिजिटल. ऐरोलीहून दोन मुलं लॅपटॉप आणि स्टिकर छापायचं मशीन घेऊन आली आणि दिवसभरात त्यांनी दिसेल त्या वस्तूला क्यूआर कोड डकवला. शिडीचा स्टिकर सगळ्यात वरच्या पायरीवर लावला. म्हणजे शिडी नेण्याआधी ती स्कॅन करायची आणि स्कॅन करायला दुसरी शिडी आणायची. मी विचारलं, यावर ग्रीस लागलं तर? मुलगा म्हणाला, काही होत नाही सर, दणकट प्रकारचा कोड 30 टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचता येतो. आपला कुठला? "7 टक्केवाला. तो लहान छापता येतो." मामांनी नुकताच पाना पुसलेला आपला अंगठा निरखून बघितला. तो एकटाच 40 टक्क्यांचा होता.

कंपनीला मराठीचा अभिमान असल्यामुळे ॲप मराठीतून होतं. इंग्रजी यादी कुठल्याशा यंत्रात घालून तिचं मराठी काढलं होतं. पहिल्या दिवशी यादीवर सह्या करायला बसलो तर वरच लिहिलेलं, "पृथ्वी दांडा, 4 नग." मी मामांकडे बघितलं, मामांनी वर आढ्याकडे. पाच मिनिटांनी उलगडा झाला, की हे वीज जमिनीत उतरवणारे आमचे अर्थिंग रॉड. पुढे "कावळा बार, 6 नग." म्हणजे पहार, तिला ऑर्डरीत क्रोबार लिहितात. आमच्या जॉइंटरनं, म्हणजे केबल जोडणाऱ्या गड्यानं, गंभीरपणे विचारलं, "हा नाक्यावरचा का स्टेशनजवळचा?" हत्यार इश्यू करणं म्हणजे 'समस्या देणे'. त्यामुळे दिवसातून चार वेळा मोबाइल वाजायचा, "स्टोअरने तुम्हाला 1 समस्या दिली आहे." ज्याच्या ताब्यात हत्यार, तो त्याचा 'पालक'. मी एका दिवसात 43 हत्यारांचा पालक झालो. घरच्या दोघांच्या पालकसभेला मी आजवर एकदाही गेलेलो नाही, हे बायकोनं त्याच रात्री काढलं.

यातलं लाडकं अपत्य म्हणजे मेगर. केबलचं इन्सुलेशन, म्हणजे वीज बाहेर फुटू न देणारं आवरण, शाबूत आहे की नाही, हे मेगओहममध्ये सांगणारा हा डबा. मेगर हे खरं म्हणजे 1903 मध्ये नोंदवलेलं ट्रेडमार्क नाव, पण वनस्पती तूप कुठलंही असो, आपण जसा डालडाच म्हणतो, तसं आमच्यात डबा कोणाचाही असो, तो मेगरच. आणि आम्ही तो लावत नाही, मारतो. "मेगर मारला का?" हा आमच्यातला 'जेवलात का?' आहे.

तर जुलैतली एक रात्र. सव्वादोन. कुर्ल्यात 11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या केबलला फॉल्ट, अर्धी वसाहत अंधारात, पाऊस असा की छत्री उघडणं म्हणजे नुसता शिष्टाचार. सबस्टेशन एका सोसायटीच्या तळघरात. केबल दोन्ही टोकांनी बंद करायची, मेली आहे याची टेस्टरनं खात्री करायची, अर्थ करायची, म्हणजे जमिनीला जोडायची, आणि मग मेगर मारायचा. हा क्रम आम्हाला झोपेतही पाठ असतो. आता मात्र प्रत्येक पायरीला आधी ॲपची परवानगी.

पहिला प्रश्न: "आपण हातमोजे घातले आहेत का?"

घातले होते. क्लास 2 चे, 17 हजार व्होल्टपर्यंत चालणारे, जाड केशरी रबराचे. मी 'हो'वर बोट ठेवलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. मोबाइलच्या पडद्याला बोट कळतं ते त्यातून लागणाऱ्या विजेच्या हलक्याशा चाहुलीमुळे, आणि रबरी हातमोजा जन्माला येतो तोच मुळी ती चाहूल लागू न देण्यासाठी. शेवटी मी हातमोजा काढला, हातमोजा घातला आहे असं सांगितलं आणि पुन्हा घातला.

दुसरा प्रश्न: "पुराव्यासाठी दोन्ही हातांचा फोटो काढा." जॉइंटर बॅटरी आणि छत्री धरून उभा, हेल्पर पॅनेलपाशी. मी मोबाइल पॅनेलच्या कडेला टेकवला, दोन्ही हात वर केले आणि बटण नाकानं दाबलं. नाक चालतं. ही माहिती प्रशिक्षणात कोणी देत नाही. फोटोत दोन्ही बाजूंना केशरी बोटं आणि मधे एक प्रचंड नाकपुडी आली. ॲपनं ती मान्य केली.

मग हातमोज्यांचा कोड स्कॅन केला आणि पडदा लाल. सहामाही चाचणीची मुदत आदल्या दिवशी संपली होती. जॉइंटर उखडला, "काल चालत होता, आज नाही? हातमोजा आहे का दूध?" मी त्याला दाखवायला म्हणून हातमोजा मनगटाकडून गुंडाळत आणला, आत हवा कोंडली आणि कानाशी धरला. अंगठ्याच्या मुळाशी बारीक 'सुस्स' झालं. सुईच्या अग्राएवढं भोक. खरं म्हणजे ही हवा हातमोजा घालण्याआधी बघायची असते. घाईत राहिली होती. आम्ही तिघं थोडा वेळ काही बोललो नाही. ॲपचं बरोबर होतं. हे वाक्य मी एकदाच लिहितो आहे. कृपया कोणी पुढे पाठवू नये.

दुसरा जोड कुठे? ॲप म्हणालं, घाटकोपर. शिवाय नक्की पत्ता हवा तर नेटवर्क पाहिजे, आणि तळघरात ते नव्हतं. मी जिना चढून गेटपाशी आलो, मोबाइल उंच धरून फिरू लागलो. सोसायटीचे सेक्रेटरी लुंगी सावरत आले. "साहेब, लाइट कधी?"

"नेटवर्क आलं की लगेच."

"काय सांगता! लाइटपण आता मोबाइलवरून येते?"

शेवटी मामांना डोंबिवलीला फोन लावला. दोन चाळीसला माणूस पहिल्या रिंगला उचलतो, हीच मुळात जुन्या पद्धतीची खूण. "व्हॅनच्या मागच्या सीटखाली, निळ्या पिशवीत. मागच्याच महिन्यात टेस्ट होऊन आलेत." आणि जरा थांबून, "आणि काय रे, नाकाचे फोटो कशाला पाठवतोयस सगळ्यांना?"

केबलचा बिघडलेला तुकडा बाजूला काढून दुसऱ्या बाजूनं सप्लाय दिला, तेव्हा साडेपाच वाजले होते. ॲपच्या नोंदीप्रमाणे मी ती संपूर्ण रात्र घाटकोपरला होतो. घरी या नोंदीबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

पुढे खंडेनवमी आली. इमर्जन्सीचा एक सेट व्हॅनमध्ये ठेवून बाकी सगळी हत्यारं मामांनी नेहमीप्रमाणे पाटावर मांडली. झेंडू, उदबत्ती, पेढे. हळदकुंकवाचं बोट कुठे लावायचं, तर हत्यारावर एकच स्वच्छ पांढरी जागा उरलेली, ती म्हणजे स्टिकर. मामांनी मनापासून, चांगलं ओलं बोट लावलं. सात टक्के पहिल्याच हत्याराला पार झाले. मेगरला तर त्यांनी दोनदा लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपनं मला पालक म्हणून जाब विचारला. चोवीस तासांत एकही हत्यार स्कॅन झालेलं नाही, कारण निवडा. पर्याय: दुरुस्ती, हरवले, चोरीस गेले, भंगार, इतर. मी 'इतर' निवडलं. खाली वीस अक्षरांत खुलासा मागितला होता. 'पूजेला' लिहिलं तर ॲप म्हणालं, खुलासा अपुरा. मग वाढवून लिहिलं, "सर्व देवाकडे गेले."

दहा मिनिटांत सेफ्टी विभागाचा फोन. मी पेढा खात होतो म्हणून मामांनी घेतला. पलीकडचा माणूस एवढा घाबरलेला, की त्याचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. "कोण गेलं? किती जण? नावं सांगा, नावं!"

मामांनी चष्मा लावला, मोबाइलवरची यादी समोर धरली आणि शांतपणे वाचायला सुरुवात केली.

"पृथ्वी दांडा. चारही."