जुनं क्रूझ जहाज ‘विकलं’ म्हणजे भंगारात गेलं? एका फिरत्या मेसेजला उत्तर

सुट्ट्या जवळ आल्या, मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची जाहिरात दिसली, की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘क्रूझ जहाजाचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं. मग कंपनी “विकलं” म्हणून जाहीर करते, म्हणजे ते अलंगला भंगारात जातं. 70 हजार टनांचं जहाज म्हणजे 70 हजार टन लोखंड. 40 रुपये किलोने झाले 280 कोटी, वर आतलं फर्निचर फुकट. वाळूवर चढवलं की महिन्याभरात साफ. आणि भंगारातही जी जहाजं कोणी घेत नाही, ती रंग मारून आपल्या गळ्यात मारतात.’

एकेक मुद्दा घेऊ.

‘वीस-पंचवीस वर्षांत आयुष्य संपतं’

इटलीतल्या मोनफाल्कोनेच्या यार्डात पाठोपाठ दोन जुळी जहाजं बांधली गेली. 1990 साली ‘क्राउन प्रिन्सेस’, 1991 साली ‘रीगल प्रिन्सेस’. आराखडा एकच, आकार एकच, डॉल्फिनच्या डोक्यासारखी रेषाही दोघांना तीच. ती काढली रेन्झो पियानो या वास्तुरचनाकाराने. पुढे दोन्ही ऑस्ट्रेलियात एकाच कंपनीकडे ‘पॅसिफिक ज्वेल’ आणि ‘पॅसिफिक डॉन’ या नावांनी चालली.

त्यातलं पहिलं 2019 मध्ये मुंबईला येऊन ‘कर्णिका’ झालं. जलेश क्रूझेसचं जहाज ते हेच. 2020 च्या टाळेबंदीत कंपनी बंद पडली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाच्या आदेशाने जहाजाचा लिलाव झाला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते गुजरातेत जहाजं तोडतात त्या अलंगच्या चिखलात चढलं. दुसरं त्याच सुमारास तरंगती वसाहत वसवू पाहणाऱ्या एका कंपनीने घेतलं आणि त्याला ‘सातोशी’ नाव दिलं. पनामाच्या किनाऱ्याजवळ नांगरून क्रिप्टोवाल्यांना केबिन विकायचा बेत होता, पण विमा मिळेना. मग तेही अलंगला द्यायचं ठरलं, तर घातक कचऱ्याच्या वाहतुकीवरचा बासेल करार आडवा आला. शेवटी ते ब्रिटनच्या अँबॅसडर क्रूझ लाइनकडे गेलं आणि एप्रिल 2022 पासून ‘अँबिअन्स’ या नावाने टिलबरी बंदरातून प्रवासी नेऊ लागलं.

म्हणजे यार्ड एक, आराखडा एक, वयात वर्षभराचं अंतर. एक कापलं गेलं, दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळालं. वयाने निकाल लागत असता तर हे घडलं नसतं.

निकाल लागतो तो बहुतेक वेळा दर पाच वर्षांनी येणाऱ्या मोठ्या तपासणीच्या तोंडावर. जहाज चालवण्याजोगं आहे का हे तपासून दाखला देणाऱ्या वर्गीकरण संस्था तेव्हा अल्ट्रासाउंडच्या यंत्राने पत्र्यांची जाडी मोजतात, आणि जहाज जितकं जुनं तितक्या जास्त जागी मोजतात. ठरलेल्या मर्यादेहून जास्त झिजलेली प्लेट कापून नवी बसवावी लागते. बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखायला पाणी भरायच्या टाक्या, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पेट्या, सांडपाण्याचे पाइप आणि जीवरक्षक होड्यांचे पाळणे ही खर्चाची नेहमीची ठिकाणं. पाइप हा तर क्रूझ जहाजाचा जुना आजार. हजारेक केबिनची न्हाणीघरं, त्यांचे पाइप छताच्या पॅनेलमागे, आणि गळती शोधायला अख्खी मार्गिका उघडावी लागते. पुढच्या पाच वर्षांची कमाई हे बिल भरून काढणार नसेल, तर मालक तपासणीच्या आधीच गिऱ्हाईक शोधतो. पंचविसाव्या-तिसाव्या वर्षाच्या अलीकडे इतकी जहाजं बाजारात दिसतात, ती या हिशेबामुळे.

कधी नियमच तारीख ठरवून देतो. समुद्रावरच्या सुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार 1 ऑक्टोबर 2010 नंतर ज्वलनशील बांधणीच्या जुन्या प्रवासी जहाजांना आंतरराष्ट्रीय फेऱ्या करता येईनात. लाकडी अंतर्भाग मिरवणाऱ्या कित्येक देखण्या जहाजांचा प्रवास तिथे थांबला. उलट 1948 सालचं ‘स्टॉकहोम’, 1956 मध्ये ‘आंद्रेआ दोरिया’ला धडकलेलं ते, आतून जवळजवळ नव्याने बांधून ‘अस्टोरिया’ नावाने 2020 पर्यंत प्रवासी नेत होतं. वय 72.

‘विकलं म्हणजे भंगारात’

चालवण्यासाठीची विक्री आणि तोडण्यासाठीची विक्री यांची कागदपत्रं वेगळी, खरेदीदारही वेगळे.

चालतं जहाज घेणारा आधी वर्गीकरणाच्या नोंदी वाचतो, मग जहाजावर चढून पाहणी करतो. करार बहुधा नॉर्वेजियन सेलफॉर्म या जहाजविक्रीच्या ठरीव मसुद्यावर होतो आणि इसारा म्हणून साधारण 10 टक्के रक्कम तिसऱ्याच्या खात्यात राहते. मग ड्राय डॉकमध्ये, म्हणजे कोरड्या गोदीत, किंवा पाणबुड्यांकडून जहाजाचा तळ तपासला जातो. ताबा देताना विक्रीखत आणि ताबापावतीवर मिनिटासकट वेळ लिहितात, कारण त्या मिनिटापासून विमा आणि जोखीम नव्या मालकाची. टाक्यांतलं इंधन आणि न उघडलेलं वंगणतेल मोजून त्याचे पैसे वेगळे द्यायचे. भाड्याने आणलेल्या वस्तू विक्रीत धरत नाहीत, म्हणून कॅसिनोची यंत्रं अनेकदा आधीच उतरलेली असतात. कंपनीची चिन्हं आणि तिकिटांची संगणकप्रणालीही विकणारा काढून नेतो. विक्री जाहीर होणं आणि ताबा मिळणं यांत महिने जातात. ‘पॅसिफिक ज्वेल’ ताफ्यातून जाणार हे 2018 मध्ये जाहीर झालं, नव्या मालकाच्या हाती ते आलं 2019 मध्ये.

तोडण्यासाठी घेणारा बहुधा रोखीचा दलाल असतो. तो मालकाला पैसे देतो, जहाज आपल्या नावावर करतो आणि यार्डाला विकतो. शेवटच्या फेरीपुरता कोमोरोस किंवा पलाऊसारख्या देशाचा झेंडा चढतो. जहाज ‘आहे तिथे, आहे तसं’ घेतलं की अलंगपर्यंतचं इंधन, खलाशी आणि विमा दलालाच्या माथी, म्हणून भाव कमी. अलंगला पोचवून दिलं तर भाव जास्त.

न्यायालयातून होणारी विक्री ही तिसरी तऱ्हा. आपल्याकडे सागरी दाव्यांसाठीच्या 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्यानुसार जहाज आधी अटकावून ठेवतात. लिलावात घेणाऱ्याला ते जुन्या देण्यांतून मोकळं मिळतं, आणि आलेल्या पैशांवर खलाशांच्या थकलेल्या पगाराचा हक्क बँकेच्या कर्जाच्या आधी येतो. इथे बोली लावणारा चालवणारा निघेल की तोडणारा, हे त्या दिवशीच्या बाजारावर. 2020 मध्ये ब्रिटनची एक क्रूझ कंपनी बुडाली आणि तिची जहाजं लिलावात निघाली. ‘वास्को द गामा’ एक कोटी डॉलरच्या आसपास गेलं आणि पुन्हा प्रवासी नेऊ लागलं. ‘मॅजेलन’ आणि ‘कोलंबस’ एका ग्रीक फेरी कंपनीने घेतली आणि 2021 मध्ये दोन्ही अलंगला आली. ‘अ‍ॅस्टर’ तुर्कस्तानात अलियागाला तुटलं.

‘70 हजार टन लोखंड, 280 कोटी’

मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती वर्तमानपत्रांतही दिसते. जहाजाचे म्हणून सांगतात ते ‘टन’ म्हणजे जीटी, ग्रॉस टनेज, आणि ते वजन नाही. जहाजाच्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून सूत्राने काढलेला तो आकडा आहे. 70 हजार जीटी म्हणजे सुमारे 2 लाख 28 हजार घनमीटर जागा, आणि त्यात नाट्यगृहापासून मार्गिकांपर्यंत सगळी हवाच हवा.

भंगाराचा भाव ठरतो एलडीटीवर, म्हणजे इंधन, पाणी, सामान, माणसं वगळून रिकाम्या जहाजाच्या वजनावर. क्रूझ जहाजाचा हा आकडा जीटीहून कितीतरी कमी असतो. त्यातही सगळं लोखंड नाही. पॅनेल, दगडी लोकर, काच, गालिचे, फायबरची तयार न्हाणीघरं यांचंही वजन त्यात धरलेलं असतं, आणि वजनाचे पैसे मोजून घेतलेला हा माल नंतर पैसे देऊन टाकावा लागतो. तेलवाहू जहाजाच्या जाड सपाट प्लेटा री-रोलिंग मिलला हव्याच असतात. त्या न वितळवता तापवून त्यांच्या सळ्या काढता येतात. क्रूझच्या वरच्या मजल्यांचे पत्रे पातळ आणि भोकाभोकांचे, काही जहाजांत ॲल्युमिनियमचे. म्हणून दर टनाला क्रूझ जहाज सहसा टँकरपेक्षा स्वस्त पडतं. कमाईची खरी जागा तांब्याच्या केबल, जहाज पुढे ढकलणारे काशाचे पंखे आणि चालू स्थितीतले जनरेटर.

‘आतलं फर्निचर फुकट’

फुकट नाही, भावात धरलेलं असतं. पण ते विकलं जातं, हे खरं. अलंग ते त्रापज रस्त्यावर दोन्ही बाजूंना ‘खाडा’ म्हणतात ती दुकानं आहेत. गाद्या एकीकडे, स्टीलचे ओटे आणि भट्ट्या दुसरीकडे, क्रोकरी तिसरीकडे. मुंबई-पुण्याच्या हॉटेलवाल्यांनी तिथून सामान नेणं नवीन नाही. घेताना एवढं बघावं की जहाजावरची यंत्रं बऱ्याचदा 60 हर्ट्झच्या विजेवर चालतात, आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. मोठ्या मिक्सरची मोटर इथे हळू फिरते आणि तापते.

‘महिन्याभरात साफ’

मोठ्या क्रूझ जहाजाला सहा महिने ते वर्ष लागतं, कधी जास्तच. अलंगला भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या घरात जातो, म्हणून हलकं केलेलं जहाज अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पूर्ण वेगात किनाऱ्यावर चढवतात. ओहोटीला ते कोरडं पडतं. पण गॅसकटर लगेच लागत नाही. आधी घातक पदार्थांची यादी तपासायची, टाक्या रिकाम्या करून वायुमुक्त असल्याचा दाखला घ्यायचा, जुन्या धूरसूचकांत किरणोत्सर्गी अमेरिसियम असेल तर ते वेगळं काढायचं. 2002 पूर्वीच्या जहाजात ॲस्बेस्टॉस असायची दाट शक्यता, म्हणून ते बंदिस्त जागेत, ओलं करून उतरवायचं. मग आतली सजावट, आणि कापणी त्यानंतर. वजन उतरेल तसं विंचने सांगाडा पुढे ओढत राहायचं.

क्रमात घाई झाली की आग लागते. पॅनेलमागचा फोम किंवा राहिलेला गालिचा ठिणगीने पेटतो, आणि क्रूझच्या मार्गिका म्हणजे तयार धुराडं.

सगळीच जहाजं अलंगला येतात, हेही खोटं. ‘कार्निव्हल फँटसी’, ‘सॉव्हरिन’, ‘मोनार्क’ 2020 मध्ये अलियागाला गेली. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाही. जहाज नाक खुपसून उभं करतात आणि पुढून कापत आत ओढतात. युरोपीय झेंड्याचं जहाज युरोपने मान्य केलेल्या यार्डातच तोडावं लागतं, आणि त्या यादीत तुर्कस्तानातली यार्डं आहेत. सुरक्षित जहाजतोडणीचा हाँगकाँग करार भारताने 2019 मध्ये स्वीकारला, जगभर तो 26 जून 2025 पासून लागू झाला.

‘रंग मारून आपल्या गळ्यात’

कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ 1990 सालचं, मूळचं ‘नॉर्डिक एम्प्रेस’. मुंबई-गोवा धावलेलं ‘आंग्रिया’ जपानमध्ये 1997 साली बांधलेलं, टोकियोहून ओगासावारा बेटांना जाणारं ‘ओगासावारा मारू’. दोन्ही जुनी, पण त्यांना भंगार म्हणणं चूक. ‘एम्प्रेस’ तर रॉयल कॅरिबियनने स्पेनच्या पुलमांतूरकडून परत घेऊन 2016 मध्ये स्वतः चालवलं, आणि तेव्हा स्वयंपाकघरांचं काम ठरल्याहून इतकं वाढलं की सफरी रद्द कराव्या लागल्या. गळ्यात मारायच्या मालावर असा खर्च कोणी करत नाही.

मात्र जुनं जहाज नव्याइतकंच, असं म्हणणंही बरोबर नाही. एका विभागात आग लागली किंवा पाणी शिरलं तरी स्वतःच्या बळावर बंदर गाठता आलं पाहिजे, हा नियम 1 जुलै 2010 पासून बांधलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांनाच आहे. त्याआधीच्यांना सूट आहे आणि ती कायदेशीर आहे.

आमच्या मते वयापेक्षा जास्त विचारावं ते हे: जहाज किती काळ बंद उभं होतं? 1993 सालचं ‘ब्रेमार’ 2020 पासून उभं होतं. पुढे ते ‘व्हिला व्ही ओडिसी’ झालं आणि मे 2024 मध्ये बेलफास्टहून निघायचं होतं. सुकाणूचे दांडे आणि गिअरबॉक्सच्या कामात ते चार महिने तिथेच अडकलं. बंद जहाजात वातानुकूलन थांबतं, दमट हवेने विजेच्या पेट्या बिघडतात, रबरी सील कडक होतात, दाखल्यांची मुदत संपते.

नाव बदललं तरी जहाज ओळखता येतं, कारण आयएमओ क्रमांक, म्हणजे प्रत्येक जहाजाला मिळणारा कायमचा ओळखक्रमांक, बदलत नाही. प्रवासी जहाजावर तो वरून, विमानातूनही दिसेल असा लिहावा लागतो. ‘कर्णिका’चा 8521220, ‘अँबिअन्स’चा 8521232. क्रमांक खरा वाटतो का, हे घरीही बघता येतं. पहिल्या सहा अंकांना क्रमाने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणायचं आणि बेरीज करायची. ‘कर्णिका’ची येते 110, आणि तिचा शेवटचा आकडा 0 हाच क्रमांकाचा सातवा अंक. हा क्रमांक टाकून जुनी नावं शोधता येतात. अलंगच्या वाटेवर नाव बदलायचं तर रंगाऱ्याला फार काम नसतं: ‘ग्रँड सेलिब्रेशन’चं उरलं ‘ग्रँड’, ‘मरेला सेलिब्रेशन’चं ‘मरे सी’ (Mare C).