दुखत नाही म्हणजे बरं आहे असं नाही

भाजलेल्या जखमांवरच्या तुमच्या लेखात जखम किती खोल आणि ती भरायला किती काळ, याचा संबंध छान सांगितलाय. पण खोल भाजलेल्या जागी दुखतच नाही, हे एका ओळीत उरकलंत, ते खटकलं.

आम्ही नाशिकच्या सिडकोतले. मागच्या दिवाळीत चकल्या तळताना जाऊबाईंच्या हातावर तेल उडालं. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावल्या (आपल्याकडे टूथपेस्ट दातांना कमी, भाजल्यावरच जास्त लागते!). मी आधी बांगड्या काढल्या, कारण सूज आली की निघत नाहीत, आणि हात वीस मिनिटं नळाखाली धरला. बर्फ नाही लावला. नाशिकच्या थंडीत नळाचं पाणी पुरेसं गार असतं.

लाल, फोड आलेला, ठणकणारा भाग दोन आठवड्यांत भरला. मधला रुपयाएवढा पांढरट डाग मात्र गप्प होता. म्हटलं, एवढंसंच तर आहे! डॉक्टर म्हणाले, तिथल्या मज्जातंतूंची टोकंच जळलीत. शेवटी मांडीची कातडी लावावी लागली. आता व्रण खाजतो, ओढतो. रोज खोबरेल तेलाने मालिश चालू आहे, उन्हात पूर्ण बाह्या. व्रण मऊ पडायला वर्ष-दीड वर्षही लागतं म्हणे.