“लसूणघास असताना हे कशाला?” : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

टिकाऊ क्लोव्हरवरच्या (क्लोव्हर म्हणजे कुरणात पेरायचं द्विदल चाऱ्याचं पीक, कॉकेशियन आणि पांढरा हे त्याचे दोन प्रकार) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “आमच्याकडे लसूणघास पिढ्यान्‌पिढ्या आहे, परदेशात बसून हे शोध कशाला? कॉकेशियन क्लोव्हरचं बियाणं महाग, मिळत नाही, रुजायलाही वर्ष खातं.”

मतभेदाचं मला वावडं नाही, पण “परदेशात बसून” हे लागलं. मी न्यूझीलंडमध्ये कँटरबरीला आहे खरा, पण नुसता बसलेलो नाही, दिवसभर मेंढ्यांमागे असतो. त्याआधी गावाकडे दवात भिजलेली लसूणघास विळ्याने कापून भारे वाहिलेत. तेव्हा लसूणघास निदान मला तरी शिकवू नका.

कॉकेशियन क्लोव्हर पहिलं वर्ष रेंगाळतो, हे तुमचं बरोबर. मान्य.

आता लसूणघास. राहुरी कृषी विद्यापीठाची आरएल-८८ ही जात घ्या. ती तीन वर्षं टिकते ती पाण्यावर आणि विळ्यावर. महिन्याकाठी एक कापणी, मग पुन्हा फुटायला सवड. कुरणात विळा नसतो, तोंडं असतात. मेंढी बुडख्यातून नुकता डोकावणारा कोंब हुडकून खाते. कळप तसाच सोडून ठेवला की मुळातला अन्नसाठा संपतो आणि ठोंब मरतो. इथेही लसूणघास लावतात, पण कुरणाचे तुकडे पाडून, एकेक चारून, मग पाच-सहा आठवडे मोकळा ठेवतात. उंचावरच्या आम्ल जमिनीत तर मातीत विरघळलेलं ॲल्युमिनियमच तिची मुळं वाढू देत नाही. तिथे काय लावायचं, सांगा ना.

पांढरा क्लोव्हर म्हणाल, तर त्याचं सोटमूळ एक-दोन वर्षांत मरतं. पुढे तो जमिनीवर सरपटणाऱ्या फांद्यांवर जगतो. कोरड्या फेब्रुवारीत अशी एक फांदी उचलली तर हातातच कट्‌कन मोडली, खालची मुळं बोटभरसुद्धा नव्हती. शेजारीच कॉकेशियन खणला. मातीत जाड, आडवी खोडं, त्यांवर पांढरे कोंब, जिथे मेंढीचं तोंड पोचतच नाही. टिकाऊपणा म्हणतो तो हा. त्यात १९९६ साली इथल्याच वायकाटो भागात क्लोव्हरच्या मुळांवरचा भुंगा सापडला. त्याच्या अळ्या मुळांवरच्या, हवेतला नत्र धरणाऱ्या गाठीच फस्त करतात. पांढऱ्या क्लोव्हरच्या एकट्या भरवशावर राहता येत नाही, हे मी म्हणतो ते उगाच नाही.

बियाण्याचा भाव दुकानदाराला विचारा, माझा लेख त्यावर नव्हता.

पुन्हा लिहाल तेव्हा जमीन कोणती, पाऊस किती, जनावर कोणतं, एवढं कळवा. नुसत्या टोमण्यांना यापुढे उत्तर देणार नाही.