प्राध्यापकांना विश्वासात कसे घ्यावे

कुलगुरूपदाची सूत्रे हाती घेतलीत, अभिनंदन! पहिल्याच आठवड्यात कोणीतरी कानाशी लागून सांगेल, 'सर, प्राध्यापकांना विश्वासात घेऊन चाला.' बिचकू नका. विचारणे वेगळे आणि विश्वासात घेणे वेगळे. विचारावे लागते निर्णयाआधी. विश्वासात नंतरही घेता येते.

कारभारात नाक खुपसायची प्राध्यापकांची ही खोड तशी जुनी आहे. 'युनिव्हर्सिटी' ज्या लॅटिन शब्दावरून आली, त्याचा अर्थच मुळी संघ. पॅरिसात हा संघ मास्तरांचा होता. १२२९ साली मास्तरांचे शहराच्या कारभाऱ्यांशी बिनसले, त्यांनी शिकवणे थांबवले आणि ते दोनेक वर्षे थांबलेलेच राहिले. अखेर १२३१ मध्ये पोपने त्यांना स्वतःचे नियम करण्याचा अधिकार लिहून दिला. तुमच्याकडे तशी वेळ येणार नाही. त्या मास्तरांच्या पदोन्नतीच्या फायली कुलगुरूंच्या कपाटात नव्हत्या.

सभेत जुने उदाहरण द्यायचेच तर इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाचे द्या. तिथे विद्यार्थ्यांचा संघ वरचढ होता आणि तासाला उशिरा येणाऱ्या शिक्षकाला दंड भरावा लागे. १९९७ची युनेस्कोची शिफारस मात्र काढू नका. शिक्षकांना आपल्याच संस्थेच्या कारभारावर टीका करण्याचा हक्क असावा, विद्याविषयक मंडळांवर बहुसंख्य प्रतिनिधी त्यांनी निवडून दिलेले असावेत, असले काहीबाही त्यात आहे. कोणी काढलीच, तर 'अत्यंत स्वागतार्ह' म्हणा. शिफारस शेवटी शिफारसच असते. चौकटीत घालून भिंतीवर लावता येते.

आता मुख्य काम, सभा. विषयपत्रिका आदल्या रात्री पाठवा, परिशिष्टांसह दोनशे पाने तरी भरली पाहिजेत. जो विषय खरोखर मंजूर करून घ्यायचा आहे तो तिच्यात नसावा. त्याची जागा 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदरात, म्हणजे निम्मी मंडळी पिशव्या आवरत असताना. त्याहून सोपे म्हणजे निर्णय घेऊन मोकळे व्हा आणि 'कार्योत्तर मान्यता' मागा. (हा शब्द ज्याने काढला त्याला आजवर एकाही विद्यापीठाने मानद पदवी दिली नाही, हा कृतघ्नपणा आहे.)

विरोध होईल ही भीती मनातून काढा. अशा एका सभेला मी हजर होतो. ठराव वाचला गेला: 'सदर विभाग पुढील सत्रापासून बंद करण्यांत यावा.' सभागृह चिडीचूप. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले. कुलसचिवांनी पेन खाली ठेवले. ज्यांचा विभाग बंद होणार होता ते गृहस्थ आशेने वळून पाहू लागले. सरांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारले, "'करण्यांत'मधल्या 'ण्या'वर अनुस्वार कशासाठी?"

पुढची वीस मिनिटे सभा रंगली. एकाने शुद्धलेखनाचे नियम सांगितले, दुसऱ्याने जुन्या ठरावांचे दाखले दिले, तिसऱ्याने हा परंपरेचा प्रश्न असल्याचे बजावले. शेवटी अनुस्वार काढण्यात आला, आणि विभागही. इतिवृत्तात नोंद झाली: 'सविस्तर चर्चेअंती दुरुस्तीसह एकमताने मंजूर.' यातला एकही शब्द खोटा नाही.

तरीही लाखात एखादा निघतोच. तो उभा राहून स्पष्ट आवाजात सांगेल, "माझा विरोध नोंदवा." त्याला मध्येच तोडू नका. पूर्ण बोलू द्या, मान डोलवा, जमल्यास टिपण घेतल्यासारखे करा. इतिवृत्तात लिहा, 'एका मा. सदस्यांनी मौलिक सूचना केल्या.' मग ठरावाच्या अंमलबजावणीसाठी समिती नेमा आणि निमंत्रक म्हणून त्यांचेच नाव घाला.