बेसमेंटमधील दोन जाळ्यांविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

एडिसन येथील आपल्या घरी आम्ही बसवलेल्या गॅस वॉटर हीटरविषयीचा आपला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. नव्याने रंगवलेल्या भिंतीत हवा येण्याजाण्यासाठी दोन धातूच्या जाळ्या बसवून आम्ही बेसमेंटची शोभा घालवली, त्यांचे वेगळे पैसे घेतले आणि त्या बसेपर्यंत हीटर पेटवून न दिल्यामुळे घरच्यांना एक रात्र गरम पाण्यावाचून काढावी लागली, अशी आपली तक्रार आहे. दाराखाली अर्ध्या इंचाची फट असताना आणि कार्बन मोनॉक्साइडचा (अपुऱ्या हवेत गॅस जळताना होणाऱ्या विषारी वायूचा) अलार्म एकदाही वाजलेला नसताना याची गरज काय होती, असेही आपण विचारले आहे. त्या रात्रीच्या गैरसोयीबद्दल मला मनापासून वाईट वाटते. मात्र हीटर न पेटवण्याचा निर्णय माझा होता आणि आजही मी त्यावर ठाम आहे.

एक घनफूट नैसर्गिक वायू पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १० घनफूट हवा लागते आणि आपल्याकडील फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) व हीटर ही दोन्ही उपकरणे ती हवा ज्या खोलीत ठेवली आहेत तिथूनच घेतात. नेहमीच्या बांधणीच्या घरासाठी नियम असा आहे, की उपकरणांच्या दर १,००० बीटीयू (दर तासाच्या उष्णतेचे माप) क्षमतेमागे ५० घनफूट मोकळी जागा असावी. आपली फर्नेस ८०,००० बीटीयूची आणि हीटर ४०,००० बीटीयूचा, म्हणजे ६,००० घनफूट जागा हवी. बेसमेंट मोकळे होते तेव्हा ९०० चौरस फूट क्षेत्रफळ आणि ८ फूट उंची धरून ७,२०० घनफूट जागा मिळत होती, त्यामुळे ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे आपले म्हणणे अगदी खरे आहे. पण बेसमेंट फिनिश करताना या दोन्ही उपकरणांभोवती १० बाय ८ फुटांची खोली उभी राहिली आणि त्यांच्या वाट्याला ६४० घनफूट जागा उरली. उपकरणे तीच राहिली, हवा मात्र दहा हिश्शांतला जेमतेम एक हिस्सा राहिली.

अशा बंद खोलीला शेजारच्या मोठ्या जागेशी जोडायचे तर दोन झरोके लागतात, एक छतापासून १२ इंचांच्या आत आणि दुसरा जमिनीपासून १२ इंचांच्या आत, म्हणजे हवा खालून येऊन वरून फिरती राहते. प्रत्येक झरोक्यातून दर १,००० बीटीयूमागे एक चौरस इंच खरोखर मोकळी जागा मिळावी लागते. आपल्या घरी ती प्रत्येकी १२० चौरस इंच होते. ३२ इंची दाराखालची अर्ध्या इंचाची फट फक्त १६ चौरस इंच भरते. दाराला शोभणारी लाकडी जाळी का लावली नाही, असे आपण लिहिले आहे. त्याचे कारण असे, की लाकडी जाळीची २५ टक्के जागाच मोकळी धरतात आणि धातूच्या जाळीची ७५ टक्के. १० बाय १६ इंचांच्या धातूच्या जाळीने जे काम होते, त्यासाठी लाकडी जाळी तिप्पट मोठी घ्यावी लागली असती आणि भिंत अधिकच कापली गेली असती.

हे सगळे केवळ कागदावरचे गणित असते तर मी आपल्याला एक रात्र थांबवले नसते. जुना हीटर काढण्यापूर्वी आमच्या तंत्रज्ञाने खोलीचे दार लावून, ड्रायर आणि बाथरूमचा पंखा चालू करून, हीटर काही मिनिटे जळू दिला आणि मग ड्राफ्ट हूडपाशी, म्हणजे हीटरच्या माथ्यावर चिमणीचा पाइप सुरू होतो तिथल्या उघड्या टोपीपाशी, धुराची कांडी धरली. धूर चिमणीत ओढला जायला हवा होता, तो उलटा फिरून खोलीत येत होता. त्याच हीटरच्या माथ्यावर पाण्याच्या पाइपाभोवती जे प्लॅस्टिकचे कडे असते, ते एका बाजूने वितळून पाइपाला चिकटले होते. जळलेला गरम वायू चिमणीत न जाता तिथे वारंवार पसरला, याचा तो पुरावा होता. ड्रायर आणि पंखे घरातील हवा बाहेर फेकतात आणि ती उणीव भरून काढायला कोंडलेल्या खोलीत चिमणीखेरीज दुसरी वाट उरत नाही.

आता अलार्मविषयी. अलार्म अवश्य असावा, पण तो शेवटचा पहारा आहे. अमेरिकेतील घरगुती अलार्मच्या मानकानुसार हवेत ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) कार्बन मोनॉक्साइड असेल तर तो वाजायला एक ते चार तास लागू शकतात आणि ३० पीपीएमच्या खाली तो शांत राहणे अपेक्षितच असते. या वायूला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा जो वास आपल्या ओळखीचा आहे तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो, त्यामुळे इथे नाकाचाही उपयोग नाही. ज्या घरात मुले बेसमेंटमध्ये खेळतात, तिथे अलार्म वाजला नाही एवढ्यावर विसंबून मी हीटर पेटवणार नाही.

जाळ्यांचा खर्च काम सुरू करण्यापूर्वी वेगळा लिहून आपली संमती घेतली होती. बाहेरची हवा स्वतंत्र पाइपाने घेणारी सीलबंद फर्नेस आम्ही सुचवली, ती पुढे कधी बदलायची वेळ आली तर विचारात घ्यावी म्हणून. आज तिची गरज नाही. उलट एक विनंती आहे: पुढे कोणाकडूनही एकटी फर्नेस बदलून घेतलीत, तर चिमणी एकट्या हीटरला फार मोठी पडून तिची ओढ कमी होते, तेव्हा चिमणीचा विचार त्याच वेळी करून घ्यावा.

जाळ्या बसवल्यावर नव्या हीटरवर हीच परीक्षा पुन्हा केली, तेव्हा धूर सरळ वर ओढला गेला. जाळ्यांना भिंतीचा रंग देण्यास हरकत नाही, आमचा माणूस येऊन तो विनामूल्य देऊन जाईल. फक्त थंडीत त्यांच्यावर पुठ्ठा लावू नये किंवा त्यांच्यासमोर कपाट सरकवू नये. आणि विजेच्या ड्रायरऐवजी गॅसचा घेण्याचा विचार असेल तर आधी कळवावे. असा ड्रायर साधारण २२,००० बीटीयूचा असतो, म्हणजे एकूण गरज ७,१०० घनफुटांवर जाईल आणि आपल्या बेसमेंटमध्ये ७,२०० घनफूटच आहेत.