गाडीवर चारशेवीस

पिकअपच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, स्कॅनर लावला, कोड आला पी०४२०. इथपर्यंत माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नारायणगावच्या त्या गॅरेजात पंक्चर ट्यूब मांडीवर घेऊन बसलेल्या तात्यांबद्दल.

"चारशेवीस? म्हंजी गाडीवर केस झाली?"

ते कलम जुलै २०२४ मध्ये गेलं, आता न्याय संहितेचं ३१८ लागतं, हे मी सांगितलं. चूक झाली.

"मग गाडीला कळवलं न्हाई व्हय कुणी?"

मेस्त्री स्टुलावरून न उठता म्हणाला, "कॅट गेला. चाळीस हजार." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा. वर स्कॅनिंगचे ५००. राग याचा, की कोड 'कॅट गेला' म्हणतच नाही. कॅटचं काम कमी दिसतंय, एवढंच म्हणतो. आणि तेही मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून. इंजिन गरम करा, २५०० आरपीएमवर दोन मिनिटं रेस धरा, मोबाइलवर कॅटच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही सेन्सरचे आलेख लावा. साधा सेन्सर असेल तर पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झोके घेणारच. मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत बसला तर कॅट जिवंत. तोही झोके घेऊ लागला तर संशय. संशय, निकाल नव्हे! पी०३०० सारखा मिसफायरचा कोड असेल तर आधी तो मिटवायचा, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. त्यावर नवा कॅट बसवला तर त्याचीही तीच गत. इंजिन ऑइल पितंय का, तेही बघायचं.

माझा मागचा सेन्सर नाचत होता. मी आलेखात डोकं घालून बसलेलो.

"लाइटीवर टिकली लावा," तात्या म्हणाले. "आमच्या गाडीला चार वर्सं हाय. डिंक सुटला की मंडळी नवी देत्यात." खिशातून पाकीट निघालं. "मरून चालंल?" चिकटवलीसुद्धा! मग जाता जाता, "आन् ते कुकरची रिंग गेल्यागत वाजतंय, ते बघा."

वाजत होतं. पण थंड गाडी चालू केल्यावर मिनिटभरच; पाइप तापून फुगला की फट आवळायची आणि आवाज दबायचा, पण ती पुरती मिटायची नाही. कॅट आणि मागचा सेन्सर यांच्यामधल्या फ्लँजवर, म्हणजे पाइपाच्या बोल्टच्या जोडावर, काजळीची भुवई उमटली होती. धुराच्या दोन ठोक्यांमध्ये पाइपात क्षणभर ओढ निर्माण होते, फटीतून बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि तो कॅटच्या नावानं बोंब मारतो. ३०० रुपयांचं गॅस्केट आणि दोन गंजके बोल्ट, तेही रात्रभर तेलात भिजवून सुटलेले. कोड पुसला की दिवा विझतोच, त्यात काही नाही. तीन-चार दिवस गाडी थंडीगरम फिरवून कॅटची तपासणी पुरी झाल्याचं स्कॅनरवर दिसलं, तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

५०० परत मागितले. "ते स्कॅनिंगचे असतात," मेस्त्री म्हणाला. चारशेवीस तात्यांनी सोडवली, असंही आता तो गिऱ्हाइकांना सांगतो.

दिवा गेला. टिकली मात्र नखानं खरवडूनही निघत नाही.