पुतण्याची तलवार आणि माझी चूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वावरातच वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण त्यातली एक गोष्ट मनाला लागली, म्हणून दोन दिवस थांबलो.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मी 'फायनल फँटसी नाइन' या व्हिडिओ गेममधल्या 'एक्सकॅलिबर टू' या तलवारीवर लिहिलं होतं. खेळ सुरू केल्यापासून १२ तासांच्या आत मेमोरिया या शेवटच्या ठिकाणी पोचलात तरच ती मिळते. सरांचे आक्षेप तीन. ही अट गेममध्ये कुठेच सांगितलेली नाही, म्हणजे ही खेळणाऱ्याची फसवणूक. माझा लेख वाचून त्यांच्या नववीतल्या पुतण्यानं सगळे संवाद दाबत दाबत पळवले, तलवार मिळवली, आणि गोष्ट काय होती विचारलं तर त्याला सांगता येईना. आणि घरोघरी कापूस पडून असताना तलवारींवर लिहिणं शोभतं का.

शेवटचं आधी. सर, कापूस माझ्याही घरात आहे, समोरच्या खोलीत छताला टेकलेला. हा गेम मी खेळलो तो हरभऱ्याच्या जागलीवर. रानडुकरांसाठी रात्रभर जागं राहावं लागतं आणि मोबाइल हातात असला की डोळा लागत नाही. या मुद्द्यावर एवढंच.

अट लपवलेली आहे, हे तुमचं बरोबर. उलट तुम्ही लिहिलंत त्यापेक्षा जास्तच बरोबर. २००० साली गेम आला तेव्हा अमेरिकेत त्याची अधिकृत मार्गदर्शिका निघाली होती, तिच्यात पानोपानी अर्धीच माहिती आणि पुढचं कंपनीच्या वेबसाइटवर वाचा, असं छापलेलं. पैसे देऊन पुस्तक घेतलेल्या माणसालाही पुन्हा इंटरनेट शोधावं लागायचं. युरोपातल्या 'पाल' (PAL, तिथली टीव्ही पद्धत) आवृत्तीचं तर आणखी वाईट. तिथे गेम ५० हर्ट्झवर, म्हणजे मुळापेक्षा हळू चालायचा, पण घड्याळ खऱ्या सेकंदांनीच पुढे सरकायचं. तेच १२ तास तिथे तोकडे पडत.

तरी 'फसवणूक' हा शब्द मला पटत नाही. मी पहिल्यांदा हा गेम साठेक तास घेऊन संपवला. अशी तलवार आहे हेही ठाऊक नव्हतं, आणि माझं काही अडलं नाही. तिची ताकद १०८, साध्या एक्सकॅलिबरची ७७. फरक मोठा आहे, पण ती हातात येते तेव्हा गोष्ट संपत आलेली असते आणि उरलेल्या लढाया तिच्याशिवायही जिंकता येतात.

तलवारीसोबत गिलगमेशची, म्हणजे या मालिकेत अधूनमधून भेटणाऱ्या एका पात्राची, एक चिठ्ठी मिळते. त्याला दोन तलवारी सापडल्या होत्या. एकीचं, म्हणजे याच एक्सकॅलिबर टूचं, नाव त्याला भिकार वाटलं, म्हणून ती टाकून तो 'एक्सकॅलिपूर' घेऊन गेला. 'फायनल फँटसी फाइव्ह'मध्ये या एक्सकॅलिपूरनं वार केला की समोरच्याचं नुकसान होतं फक्त १. ज्यानं आधीचे गेम खेळलेत त्यालाच ही चिठ्ठी कळते. माझ्या मते बनवणाऱ्यांनी ही तलवार दुसऱ्या-तिसऱ्यांदा परत येणाऱ्या माणसासाठी ठेवली होती. त्याला गोष्ट पाठ असते, कुठे थांबायचं, काय सोडायचं हे माहीत असतं. माझ्या दुसऱ्या खेपेला मेमोरियात लिच या शत्रूशी लढाई होते तिथे, म्हणजे तलवारीच्या जागी, पोचलो तेव्हा घड्याळात १२ तास ७ मिनिटं झाली होती. खांबापाशी उभा राहून बटण दाबत राहिलो, काहीच आलं नाही. सात मिनिटं कुठे गेली हे मी सकाळी घरी येईपर्यंत मोजत होतो.

आता पुतण्याचं. इथे तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलो.

त्या लेखाचं शीर्षक होतं 'ही तलवार हुकवू नका'. पहिल्यांदाच गेम हाती घेणाऱ्या पोरानं ते वाचलं तर तो धावणारच. लेखात मी लिहिलं होतं की पडद्यावर एटीई अशी खूण आली तरी बघू नका, वेळ जातो. एटीई म्हणजे आपण एकीकडे असताना सोबतचे लोक दुसरीकडे काय करताहेत ते दाखवणारे छोटे प्रसंग. डाली गावात राजकन्या गार्नेट साध्या माणसांसारखं बोलायला शिकते, अडखळते. त्याच गावात जमिनीखाली कारखाना निघतो, पिंपांमधून काळे जादूगार बाहेर पाठवणारा. आणि लहानगा विवी, जो स्वतः तसाच दिसतो, ते बघत उभा असतो. पुढे काळ्या जादूगारांच्या गावात त्याला कळतं की त्यांच्यातले काही जण अचानक हलायचे थांबतात, मग बाकीचे त्यांना पुरतात. या जागी मी जागलीवर मोबाइल बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो. तुमच्या पुतण्यानं हे सगळं अंगठ्यानं उडवलं, आणि ते मी सांगितलं म्हणून उडवलं.

म्हणून काल लेख बदलला. शीर्षक काढलं. सुरुवातीलाच लिहिलं की एकदा गेम पूर्ण करून झाला असेल तरच पुढे वाचा. २०१६ च्या मोबाइल आवृत्तीत वेग वाढवायची सोय आहे, तिचाही उल्लेख वर घेतला. ती वापरली तर १२ तासांचा धाक बराच कमी होतो, मग दुसऱ्या खेपेलाही कोणाला प्रसंग उडवायची गरज पडू नये.

पुतण्याला रागावू नका. त्यानं जे केलं ते सोपं नाही, दर मोठ्या लढाईआधी सेव्ह करणं आणि चुकलं की मागे येणं हे त्यानं नीट केलं असणार, नाहीतर तलवार मिळालीच नसती. त्याला म्हणा तो सेव्ह मिटवू नको. मेमोरियातून बाहेर पडता येतं, आणि ओझ्मासारखा गेममधला सगळ्यात अवघड शत्रू अजून बाकी आहे. स्टायनर या सरदाराच्या हातातल्या त्या तलवारीचा खरा उपयोग तिथेच आहे.

आणि त्या सेव्हच्या शेजारच्या रिकाम्या जागेत त्याला नवा खेळ सुरू करू द्या. शक्य असेल तर डालीपर्यंत तुम्हीही त्याच्याजवळ बसा.